आखाजीला तोरणमाळवर घरच्यांचे फोटो: आधी आजीचं लुगडं ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी शहाद्याकडे ११ जण जमताय. सगळ्यात मोठी आजी ८१ वर्षांची, सगळ्यात लहान भाचा अडीच वर्षांचा. दुसऱ्या दिवशी सातपुड्यातल्या थंड हवेच्या तोरणमाळला जाऊन घरच्यांचे फोटो काढायचेत. बहीण म्हणते, सगळ्यांनी पांढरा शर्ट आणि निळी जीन्स घालू. आजी म्हणते, "मी ते मन्हं लुगडंच नेसस." त्यावरून घरात कुरबुर सुरू आहे, आणि काय घालावं हे तुम्हाला विचारायचंय.

माझा शहाद्यात फोटो स्टुडिओ आहे. १७ वर्षं म्हसावद, राणीपूरवरून तोरणमाळचा घाट चढतोय, बहुतेक वेळा मागच्या सीटवर कुणाचं ना कुणाचं कुटुंब घेऊन. म्हणून सरळच सांगतो. आजीचं बरोबर आहे. आजी कोणतं लुगडं नेसणार ते आधी ठरवा आणि बाकी दहा जणांचे कपडे त्या लुगड्यावरून काढा.

हे इतक्या ठामपणे का सांगतो, त्यामागे माझीच एक चूक आहे. नऊ-दहा वर्षं झाली असतील. एक मोठं कुटुंब फोटोसाठी वर आलं होतं. नातवंडांनी सगळ्यांसाठी एकाच रंगाचे फिकट निळे टी-शर्ट आणले होते. घरातल्या आबांनी उभ्या आयुष्यात पांढऱ्या टोपीशिवाय उंबरा ओलांडला नव्हता. टी-शर्टवर टोपी विजोड दिसत होती, आणि मीच म्हणालो, "आबा, टोपी काढा, सगळे एकसारखे दिसतील." त्यांनी काही न बोलता टोपी काढली, तिची नीट घडी घातली. टी-शर्टला खिसा नव्हता, म्हणून ती मुठीत धरून उभे राहिले. आजही त्या फोटोत त्यांच्या उजव्या मुठीतून टोपीचं पांढरं टोक बाहेर आलेलं दिसतं. दीड वर्षाने आबा गेले. मुलगा स्टुडिओत आला, भिंतीला लावायला टोपीतला फोटो मागत होता. माझ्याकडे त्या दिवसाचे दोनेकशे फोटो होते, एकातही टोपी नव्हती. शेवटी कुठल्याशा लग्नातल्या पंगतीच्या फोटोतून आबांचा चेहरा कापून मोठा केला. धूसर आला. तोच त्यांच्या घरी लागलाय. मी त्या घरी गेलो की त्या भिंतीकडे बघवत नाही.

तेव्हापासून माझा नियम झालाय. घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस रोज ज्या कपड्यात असतं, त्याच कपड्यात फोटोत येईल. फार तर धुतलेलं, इस्त्री केलेलं, ठेवणीतलं. पण त्याचंच.

आता डोंगराचं बोलू, कारण कपडे डोंगरासमोर दिसणार आहेत, दुकानातल्या आरशासमोर नाही. पुण्या-मुंबईकडची मंडळी डोंगर म्हटलं की हिरवागार धरून चालतात. आखाजीच्या सुमाराचा सातपुडा तसा नसतो. साग पूर्ण झडलेला, नुसत्या राखाडी काड्या. गवत वाळून पेंढ्याच्या रंगाचं. खडक काळा बसाल्टचा. वाटा मातकट, मुरमाच्या. मधेच एखाद्या मोहाला तांबूस कोवळी पालवी आणि कुठे बहावा पिवळा फुललेला. आकाश सकाळी निळं, नऊनंतर धुळकट पांढरं. म्हणजे मागचा पडदा पिवळट, तपकिरी, राखाडी आहे असं समजा. यात बदामी, खाकी, क्रीम, राखाडी घातलं की माणूस गवतात मिसळून जातो. इंटरनेटवर असे फिकट मातीच्या रंगांचे कौटुंबिक फोटो खूप दिसतात, पण त्यांच्या मागे हिरवं कुरण नाहीतर निळा समुद्र असतो. आपल्याकडे मे महिन्यात तो रंग घालून उभं राहिलं तर फक्त डोकी तरंगताना दिसतात.

याच वाळलेल्या पिवळ्यावर गडद निळा, मोरपंखी, जांभळा, कुंकवी, गडद हिरवा हे रंग इतके उठून दिसतात की मला नंतर संगणकावर काही करावंच लागत नाही. पावसाळ्यात आलात तर हे सगळं उलटं होतं. तेव्हा हिरवा बुडतो आणि मोहरी, केशरी, पांढरा खुलतो. कपड्याचा रंग महिना बघून ठरवायचा तो यासाठी.

बहिणीच्या पांढऱ्या शर्टाबद्दल. पांढरा वाईट रंग नाही, पण दहा जणांनी एकदम घातला की कॅमेऱ्याची पंचाईत होते. कॅमेरा, आणि मोबाईलसुद्धा, समोरच्या उजेडाचा अंदाज घेऊन फोटो उजळ करायचा की गडद ते ठरवतो. चौकट पांढऱ्या शर्टांनी भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो सगळंच गडद करतो. शर्ट ठीक येतात, चेहरे काळवंडतात. चेहरे उजळ करायला गेलं तर शर्टाच्या घड्या, बटणं, कॉलर सगळं उडून नुसता पांढरा डाग उरतो. आपल्या खान्देशातली बहुतेक माणसं सावळी, उन्हातान्हात शेतीत राबलेली. त्यांच्या चेहऱ्याशेजारी लख्ख पांढरा शर्ट म्हणजे हा त्रास दुप्पट. मग लोक मला म्हणतात, "भाऊ, जरा गोरं करा ना." मी करत नाही. सावळ्या रंगावर कुंकवी, मोहरी, मोरपंखी काय खुलतो ते एकदा बघा, गोरं करायची गरजच वाटणार नाही. आजोबांचा पांढरा सदरा, टोपी, खांद्यावरचं उपरणं मात्र तसंच राहू द्या. अकरा जणांत एकच पांढरा माणूस असेल तर नजर आपसूक त्याच्याकडे जाते, आणि ती जायलाच हवी. शिवाय आपल्या टोपीला पुढे छज्जा नसतो, त्यामुळे चेहऱ्यावर सावली पडत नाही. पोरांच्या क्रिकेटच्या टोप्या कपाळापासून नाकापर्यंत काळी पट्टी पाडतात. त्या गाडीतच ठेवा.

समजा आजीचं लुगडं गडद हिरवं आहे आणि काठ कुंकवी. मग तो कुंकवी रंग उचला आणि तुमच्या आईला किंवा काकूंना साडीत द्या, अगदी तोच नको, विटकरीकडे झुकणारा चालेल. पुरुषांपैकी दोघांना गडद निळे सुती कुडते. तुम्ही दोघी बहिणींपैकी एकीने मोहरी, दुसरीने मोरपंखी. लहानग्याला मोहरी. हिरवा परत कुणालाच नको, तो आजीचाच राहू दे. एवढ्यात झालं. तीन-चार रंग, तेच फिरून फिरून आलेले, कोणाचाही कपडा दुसऱ्याची नक्कल नाही, पण एका घरातले आहेत हे लांबून कळतं. आजीचं लुगडं जांभळं निघालं तर हेच गणित निळ्या आणि गुलाबीसर रंगांवरून मांडा.

छापील कापड एक-दोघांच्याच अंगावर असू द्या, आणि बाकीचे रंग त्या छाप्यातून निवडा. आईच्या अंगावर मोठी फुलं, कडेवरच्या पोराच्या अंगावर कार्टून, मागे नवऱ्याचा चौकडीचा शर्ट, असं झालं की चेहरा शोधावा लागतो. अगदी बारीक रेघा आणि बारीक चौकटी टाळा, त्या पडद्यावर लाटांसारख्या हलताना दिसतात. भडक पोपटी, चमकता गुलाबी यांचा रंग उन्हात हनुवटीखाली उमटतो. बाळाला पोपटी झबलं घातलं की त्याच्या गळ्यावर हिरवी झाक येते, आणि ती काढणं मोठं कटकटीचं काम आहे. तांबडा लाल एखाद्यालाच, तोही घोळक्यात मध्ये उभ्या असणाऱ्याला. कडेच्या माणसाने लाल घातला तर सगळा फोटो तिकडे कलल्यासारखा वाटतो.

नवीन काही विकत घ्यायची सक्ती अजिबात नाही. माझ्या अनुभवात जुना, दहा वेळा धुतलेला सुती कुडता नव्या कडक कपड्यापेक्षा नेहमी चांगला येतो, कारण माणूस त्यात मोकळा असतो. घ्यायचंच झालं तर जळगावचं फुले मार्केट आहे, धुळ्याचा आग्रा रोड आहे, साधं रंगीत सुती कापड कुठेही मिळतं. साडीत मला स्वतःला माहेश्वरी फार आवडते. सातपुड्याच्या पलीकडेच नर्मदेकाठी विणली जाते, सूत आणि रेशीम मिळून असल्याने वजनाला हलकी, उन्हात भगभगत नाही आणि काठ साधा सरळ. पैठणी राहू द्या, तिची जर सकाळच्या तिरप्या उन्हात फार चमकते आणि नेसणारी दिवसभर पदर सांभाळत बसते.

कापड सुतीच असू द्या यासाठी माझा आग्रह फक्त घामापुरता नाही. वाळलेल्या गवतातली कुसळं हा तिथला खरा त्रास आहे. जॉर्जेट, नेट, लोकरीचं काही, यांत कुसळ घुसलं की निघत नाही. मागे एका सहा-सात वर्षांच्या मुलीला नेटचा घेरदार घागरा घालून आणलं होतं. गवतातून पंधरा पावलं चालली आणि रडायला लागली. घागऱ्याच्या आतल्या घडीत शेकड्याने कुसळं अडकली होती आणि पोटऱ्यांना टोचत होती. तिची आई, मावशी आणि मी, तिघं दगडावर बसून चिमटीने एकेक काढत होतो. अर्धा तास गेला, तोवर ऊन डोक्यावर आलं आणि पोरीचे डोळे सुजले. जाड विणीचं सुती कापड झटकलं तरी बरंचसं मोकळं होतं. लहान मुलांना पायघोळ काही नको. घोट्यापर्यंतची सुती सुरवार किंवा पायजमा सगळ्यात बरा, पायही झाकले जातात.

घामाचं एक लक्षात ठेवा. राखाडी आणि आकाशी या दोन रंगांवर घामाचे डाग सगळ्यात जास्त दिसतात. गडद निळ्यावर, पांढऱ्यावर आणि छापील कापडावर फारसे दिसत नाहीत. घरातल्या ज्या माणसाला फार घाम येतो त्याला आकाशी देऊ नका, बस.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच आहे. खाली शहाद्यात आणि वर यांत सहा-सात अंशांचा फरक सहज पडतो, पहाटे तर वाऱ्याने अंगावर काटा येतो. खाली जळगाव-भुसावळला पारा ४५ गाठत असताना आपण सुटलो असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. हवा गार लागली तरी ऊन कमी नसतं. दर १००० मीटरला उन्हातले अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. गार वाऱ्यात पोरं बिनबाह्यांची खेळतात आणि संध्याकाळी खांदे लालबुंद होतात. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे. आजीसाठी एक शाल हवीच, आणि ती शालसुद्धा फोटोत चालेल अशा रंगाची न्या. पहाटे ती अंगावर असणारच आहे, फोटोसाठी काढायला लावायची नाही.

वेळेबाबत मी कुणाचं ऐकत नाही. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पावणेसहाला सगळे तयार होऊन जागेवर हवेत आणि आठला काम संपलेलं हवं. त्यानंतरचं ऊन वरून पडतं, डोळ्यांखाली काळे खड्डे येतात आणि सगळे डोळे मिचकावतात. दुसरी वेळ संध्याकाळी साडेपाचपासून सूर्य मावळेपर्यंत. पण दिवसभर दमलेली लहान मुलं संध्याकाळी हसत नाहीत, म्हणून माझी पसंती सकाळलाच. याचा अर्थ आदल्या रात्री वर मुक्काम करा. खालून पहाटे चारला निघून घाटातून पोरांना आणायचं म्हणजे वळणावळणांवर उलट्या, आणि फोटोचे कपडे घाटातच वाया. प्रवासात साधे कपडे घाला, फोटोचे कपडे हँगरला लावून गाडीत टांगा, वर गेल्यावर बदला. लहानग्यासाठी त्याच रंगाचा दुसरा जोड न्या. आखाजी म्हणजे आमरस आला, आणि आंब्याचा डाग कुठे पडेल सांगता येत नाही.

जागेचं फार डोक्यात घेऊ नका. यशवंत तलावाच्या काठी सकाळी पाण्यावरून मऊ उजेड येतो, आजीला फार चालावंही लागत नाही. सीताखाईच्या कड्याजवळ दरीचं दृश्य मोठं आहे, पण तिथे वारा जोराचा. पदराला आतून दोन पिना, ओढणी एका खांद्यावर पक्की, आणि अडीच वर्षांच्या मुलाला कड्याजवळ न्यायचंच नाही. पोराच्या हाताला धरून उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्यावर जी भीती येते, ती कुठल्याही फोटोत लपत नाही.

पायांकडे सगळे दुर्लक्ष करतात. गुळगुळीत चामड्याच्या तळाची कोल्हापुरी वाळलेल्या गवतावर आणि मुरमावर सटकते. चालताना बूट किंवा पट्ट्याची चप्पल घाला, जागेवर पोचल्यावर कोल्हापुरी चढवा. कुडत्याखाली चमकत्या हिरव्या तळाचे स्पोर्ट्स शूज दिसले की बाकी सगळी मेहनत पाण्यात. आजीची रोजची चप्पल बदलू नका. आणि आजीचा चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर आधी काही मिनिटं सावलीत बसवा, काच पांढरी झाली की लगेच फोटो घ्या. ८१ वर्षांच्या डोळ्यांत बघता आलं नाही तर फोटोचा उपयोग काय.

एक विनंती. वर पावरा आणि भिल्ल बांधवांची वस्ती आहे. त्यांच्या बायांचे चांदीचे दागिने, रंगीत पोशाख पाहून काही मंडळी तसे कपडे मिळवून, घालून फोटो काढतात. कृपा करून तसं करू नका. तो त्यांचा रोजचा, मानाचा पोशाख आहे. त्यांचा फोटो हवा असेल तर आधी बोला, विचारा, नाही म्हणाले तर कॅमेरा खाली.

आजीला घाट सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले तर हट्ट धरू नका. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, गाडी जवळपर्यंत जाते. तिथल्या जुन्या महादेव मंदिराच्या काळ्या दगडासमोर मोहरी आणि कुंकवी असे उजळतात की बस. पण तिथे ऊन खालचंच, त्यामुळे सकाळी आठच्या आत आटपा.

निघायच्या आदल्या दिवशी एवढं मात्र करा. अकराच्या अकरा जणांचे कपडे अंगणात सावलीत, खाटेवर शेजारी शेजारी मांडा, मध्ये आजीचं लुगडं. मोबाईलने एक फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. रंग गेले की जो कपडा एकदम पांढरा भगभगतो किंवा काळं भोक पडल्यासारखा दिसतो, तो बदला, फक्त आजोबांचा पांढरा सदरा-टोपी सोडून. बाकी सगळे मधल्या छटांत आले की झालं. बहिणीलाही तिथेच बोलवा आणि तिलाच निवडू द्या, म्हणजे तिचं मन राहील. तिची निळी जीन्स हवी असेल तर राहू द्या, कुडत्याखाली गडद निळी जीन्स अगदी छान दिसते. फक्त आजीला काही बदलायला लावू नका.

आजीला आज संध्याकाळी पेटी उघडायला लावा आणि कोणतं लुगडं नेसणार ते विचारा. त्याचा आणि काठाचा रंग इथेच खाली लिहून कळवा, मी बाकी दहा जणांचे रंग जुळवून देतो.